सेमीच्या वर्गात इंग्रजीला अडणारी मुले : पहिली ते चौथीच्या शिक्षकांसाठी

वही उघडली की इंग्रजी सुवाच्य, ओळीत, तांबड्या शाईच्या ‘गुड’सह. त्याच पानावर बोट ठेवून ‘वाच’ म्हटले की मूल गप्प. पुण्यातल्या कुठल्याही सेमी-इंग्रजी (माध्यम मराठी, पण गणितासारखे विषय इंग्रजीतून) वर्गात अशा पाच-सात वह्या सापडतात. ते मूल इंग्रजी लिहीत नसते, फळ्यावरची चित्रे उतरवत असते. राज्यात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० सालापासून आहे. पण ऐकणे-बोलणे आधी आणि वाचणे-लिहिणे नंतर हा क्रम अजून बऱ्याच वर्गांत उलटाच चालतो. खालची सगळी पद्धत हा क्रम सरळ करण्यासाठी आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के जागांतून इंग्रजी माध्यमात आलेल्या मुलांनाही ती लागू पडते.

जूनमध्ये : मूल नेमके कुठे अडले आहे?

चाळीसचा पट असेल तर रोज आठ मुले, प्रत्येकी पाच मिनिटे, म्हणजे एका आठवड्यात काम संपते. बाकीच्यांना तेवढा वेळ चित्र काढायला द्या. प्रत्येक मुलाचे पाच गोष्टींत पाहा:

१. हातवारे न करता दिलेल्या पाच इंग्रजी सूचना. ‘ओपन युवर बॅग’, ‘टच युवर नोज’ अशा. किती कळल्या?
२. वर्गातल्या दहा वस्तू दाखवून नावे.
३. वीस लहान अक्षरे दाखवून त्यांचे आवाज. नावे नव्हे, आवाज.
४. सहा तीन-अक्षरी शब्द. त्यातले दोन निरर्थक असावेत, उदाहरणार्थ ‘टिब’, ‘नॅस’. पाठ केलेले शब्द आणि खरे वाचन वेगळे काढायचा हाच सोपा मार्ग आहे.
५. त्याच्या इयत्तेच्या मराठी पुस्तकातला एक परिच्छेद.

पाचवी गोष्ट बहुतेक जण गाळतात आणि तिथेच फसतात. तिसरीतले मूल मराठीही जोडून वाचत नसेल, तर त्याची अडचण इंग्रजीची नाही, वाचनाची आहे. त्याला इंग्रजीचा जादा तास लावणे म्हणजे गळक्या बादलीत पाणी ओतणे. आधी मराठी वाचन. दोन्ही भाषांत अडखळत असेल आणि मागून हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, तर पालकांना कान तपासायला सांगा. फळ्यावरचे चुकीचे उतरवत असेल तर डोळे.

याच वेळी घरची भाषा विचारून पटाच्या वहीत लिहा. वाघोली, हिंजवडी, मोशी भागातल्या बांधकामांवरून येणाऱ्या मुलांच्या घरी गोरमाटी (बंजारा बोली), कन्नड, वडारी, हिंदी किंवा नेपाळी असू शकते. त्यांना मराठीच दुसरी भाषा आहे, इंग्रजी तिसरी. ‘मराठीत समजावून सांगितले तरी कळत नाही’ अशी तक्रार होते, तेव्हा पुष्कळदा कारण हे असते.

पहिले सहा आठवडे फक्त कान

या काळात इंग्रजी लिहून घेऊ नका. रोज दहा मिनिटे सूचनांचा खेळ: आठवड्याला पाच नव्या सूचना, सहा आठवड्यांत तीस. आधी तुम्ही बोलून कृती करा, मग मुलांसह, मग कृती न करता फक्त बोला. मुलाने तोंडाने उत्तर द्यायची गरज नाही. हाताने दिले तरी कळले हे कळते.

इथे दोन गोष्टी बिघडतात. एक, अख्खा वर्ग शेजाऱ्याकडे बघून उठतो-बसतो आणि तुम्हाला वाटते सगळ्यांना आले. म्हणून सूचना रांगेनुसार बदला: खिडकीकडच्या रांगेने टाळ्या, दाराकडच्या रांगेने डोळे मिटायचे. अधूनमधून तोंडाने एक सांगून हाताने दुसरेच करा. कोण तुमच्या हाताकडे बघते आणि कोण ऐकते, ते लगेच दिसते. दोन, ‘अंडरस्टूड?’ असे विचारणे. त्याला चाळीस तोंडांतून ‘येस मिस’ येते. त्या उत्तराला काही किंमत नाही, प्रश्नच टाकून द्या.

काही मुले दोन-तीन महिने इंग्रजीत अवाक्षर काढत नाहीत. सूचना पाळत असतील तर काळजीचे कारण नाही, ती साठवत असतात. त्यांना उभे करून बोलायला लावू नका. प्रश्न विचारल्यावर मनात पाचपर्यंत मोजा, मगच दुसऱ्याकडे वळा. मुलाला प्रश्न मराठीत फिरवून, उत्तर शोधून, ते पुन्हा इंग्रजीत आणायचे असते. त्याला तेवढा वेळ लागतोच.

मुलांकडे असलेले शब्द आधी वसूल करा

बस, बॅग, पेन, चार्जर, मोबाईल, बॉल, कप, डॉक्टर, सायकल, सिग्नल, स्टॉप, फॅन, लाइट. पहिलीतल्या मुलाच्या तोंडी असे शंभरेक शब्द असतात, पण ते इंग्रजी आहेत हे त्याला ठाऊक नसते. पहिल्या आठवड्यात मुलांकडूनच यादी काढून घ्या आणि चित्रांसह भिंतीवर लावा. ‘मला इंग्रजी येत नाही’ हे वाक्य त्या यादीसमोर टिकत नाही.

मात्र यातले काही शब्द आपल्याकडे येऊन बदललेत. आपले ‘हॉटेल’ म्हणजे मिसळ खायची जागा, इंग्रजीत ते मुक्कामाचे ठिकाण. ‘लाइट गेली’ म्हणजे वीज गेली. ‘कंपास’ म्हणजे अख्खी पेटी. ‘पार्सल’ म्हणजे हॉटेलातून बांधून आणलेले. असे दहा-बारा शब्द वेगळ्या रंगाच्या कार्डावर ठेवा आणि चौथीत बोला. पहिलीत त्यावर वेळ घालवू नका.

नवे शब्द आठवड्याला सहा ते आठ, त्याहून जास्त नाहीत. शब्द शिकवला त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि आठवड्याने परत यायला हवा. एका दिवसात वीस शब्द ‘घेतले’ असे दैनंदिनीत छान दिसते, पण पुढच्या सोमवारी त्यातले चार उरतात.

कार्डांसाठी जुन्या लग्नपत्रिका उत्तम. एका जाड पत्रिकेतून चार कार्डे निघतात. अक्षर पाच सेंटिमीटर उंच आणि जाड स्केचपेनने काढा, नाहीतर मागच्या बाकावरून दिसत नाही.

आवाज, अक्षर, वाचन

सगळ्यात जास्त नुकसान इथे होते, म्हणून इथे थोडे थांबू.

‘बी-ए-टी बॅट’ असे घोकून मूल वाचायला शिकत नाही, कारण ‘बी’, ‘ए’, ‘टी’ ही नावे जोडली तर ‘बीएटी’ होते, ‘बॅट’ नाही. ‘डब्ल्यू’, ‘एच’, ‘वाय’ यांच्या नावांत तर त्यांचा आवाजच नाही. मराठी अक्षराचे नाव आणि आवाज एकच असतो, त्यामुळे ही भानगड आपल्या मुलांना नवी असते. नावे नंतर शिकवली तरी चालतात, आवाज आधी.

दुसरी भानगड ‘अ’ची. आपल्या प्रत्येक व्यंजनात ‘अ’ मुरलेला असतो, म्हणून मूल ब-ॲ-ट म्हणते आणि जोडल्यावर ‘बअॅट’ निघते. बॅट ओळखीची असल्याने ते अंदाजाने सुटते, ‘नॅप’ला अडते. तिसरी-चौथीत पाय मोडलेले ब्, ट्, न् फळ्यावर लिहून दाखवा. मुलांना ते लगेच पटते, कारण पाय मोडणे त्यांना मराठीतून माहीत असते. पहिलीत हे लिहून नव्हे, तोंडाने: आवाज काढला की तोंड थांबले पाहिजे.

अक्षरे एबीसीडीच्या क्रमाने घेऊ नका. आपण मराठीत अक्षरगट घेतो, तसेच इथे. पहिला गट एस, ए, टी, पी, आय, एन, म्हणजे स्, ॲ, ट्, प्, इ, न्. एवढ्या सहांतून सॅट, सिट, पिन, टिन, टॅप, टिप, पॅन, नॅप, पिट असे शब्द होतात आणि अक्षरे सुरू केल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मूल काहीतरी *वाचते*. दुसऱ्या गटात सी आणि के (दोन्हींचा क्), ई (ए), एच, आर, एम, डी. मग जी, ओ, यू, एल, एफ, बी. डी आणि बी वेगवेगळ्या गटांत मुद्दाम आहेत. लहान बी, डी, पी, क्यू ही एकच आकृती उलटसुलट केलेली असते, आणि दोघे शेजारी आले की गोंधळ वर्षभर राहतो. एक पक्के झाल्यावर निदान तीन आठवड्यांनी दुसरे आणा.

जोडायला सुरुवात ताणता येणाऱ्या आवाजांनी करा. स्स्स, म्म्म, न्न्न लांबवता येतात, ट्, प्, ब् येत नाहीत. म्हणून पहिले शब्द ‘सॅट’, ‘सिट’, ‘नॅप’. ‘टॅप’ त्यानंतर. स्स्स-ॲॲ-ट् असे बोट सरकवत म्हणायचे, मध्ये श्वास तोडायचा नाही.

लहान अक्षरे आधी. पुस्तकातली जवळजवळ सगळी छपाई लहान अक्षरांत असते आणि सुरुवात आपण मोठ्यांनी करतो. मराठीत लहान-मोठे असा भेदच नाही, त्यामुळे २६ अक्षरांची एकदम ५२ रूपे डोक्यावर घालणे मुलावर अन्याय आहे. अप्पा बळवंत चौकात तक्ता घ्यायला गेलात तर पैसे देण्याआधी दोन अक्षरे तपासा: ‘आय’ला आइस्क्रीम आणि ‘जी’ला जिराफ असेल तर तो तक्ता ठेवून द्या. मुलाला तिथे ‘इ’ आणि ‘ग्’ ऐकू यायला हवेत, म्हणून इंक आणि गोट हवे. ‘ओ’ला आउलही नको, ऑरेंज चालेल.

तिसरीत न बोलणारा शेवटचा ‘ई’ येतो. आपण लिहिलेले सगळे वाचतो, म्हणून एम-ए-डी-ई दिसले की मूल ‘मडे’ वाचते आणि वर्ग हसतो. नियम सांगण्याआधी जोड्या ऐकवा: टॅप-टेप, पिन-पाइन, हॉप-होप. शेवटी ‘ई’ आला की आधीचा स्वर आपले नाव सांगतो आणि ‘ई’ स्वतः गप्प बसतो. स्वारगेटच्या इंग्रजी पाटीतला ‘गेट’ याचा चांगला नमुना आहे. आणि फळ्यावर ‘पुणे’ आणि ‘जून’ इंग्रजीत एकाखाली एक लिहा: शेवटची तिन्ही अक्षरे तीच, यू-एन-ई, पण पुण्यात ‘ई’ बोलतो, जूनमध्ये नाही. गावांची नावे आपली, ती आपल्या रीतीने वाचायची. हे मुलांना भारी आवडते.

‘द’, ‘वॉज’, ‘सेड’, ‘यू’, ‘आर’, ‘टू’ असे शब्द आवाज जोडून सुटत नाहीत. आठवड्याला तीन, वर्षात पन्नास-साठ, दिसताक्षणी ओळखण्यापुरते करा. स्पेलिंगसाठी ‘वेडनेसडे’ किंवा ‘बेकाउसे’ असे म्हणत लिहिण्याची जुनी युक्ती वाईट नाही, पण मोठ्याने वाचताना उच्चार खराच हवा.

इंग्रजी शब्दावर देवनागरीत उच्चार लिहून द्यावा का? फळ्यावर, एका शब्दापुरता, आणि मग पुसून. पुस्तकात पेन्सिलने मुळीच नाही. देवनागरी दिसत असताना मूल खालचे इंग्रजी बघतच नाही.

उच्चारांत काय सोडून द्यायचे हेही ठरवा. व्ही आणि डब्ल्यू दोन्ही आपल्याकडे ‘व’. इंग्रजीत व्हीला वरचे दात खालच्या ओठावर येतात, डब्ल्यूला ओठांचा चंबू होतो. एकदा दाखवा, मागे लागू नका. स्पेलिंगपुरती ‘व्हॅन, व्हॅट, व्हेट’ अशी व्हीवाल्यांची छोटी यादी पुरे. ‘शिप’ आणि ‘शीप’मधला ऱ्हस्व-दीर्घ फरक मात्र धरून ठेवा, तिथे अर्थ बदलतो. हिंदीभाषक मुले ‘इस्कूल’ म्हणत असतील तर लिहितानाही पुढे आय लावतात. त्यांच्याकडून स्स्स लांबवून ‘कूल’ला जोडून घ्या.

वाक्ये : मराठी कुठे आड येते

‘टेबलावर पुस्तक आहे’ हे शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेले की ‘टेबल ऑन बुक’ होते, म्हणजे टेबलच पुस्तकावर चढले. आपले ‘वर’ नावाच्या मागे, इंग्रजीचे ‘ऑन’ पुढे. हे समजावून नव्हे, करून घ्या: डस्टर बाकावर, बाकाखाली, पिशवीत ठेवायचा आणि दर वेळी पूर्ण वाक्य बोलायचे, ‘द डस्टर इज अंडर द बेंच’. रोज पाच मिनिटे, दोन आठवडे.

‘ही’ आणि ‘शी’ची गंमत वेगळीच आहे. मराठीत ‘ही’ मुलीसाठी, इंग्रजीत मुलासाठी. आणि ‘शी’ म्हटले की पहिलीचा वर्ग खिदळतो. हसू द्या, एकदाच, पण मुलींचा ‘ही’ होण्यामागे हे कारण आहे हे तुम्हाला माहीत हवे. शिवाय आपली खुर्ची ‘ती’ आणि फळा ‘तो’, म्हणून वस्तूंनाही ‘शी’, ‘ही’ लागते. तीन रकान्यांत चित्रे लावून घ्या: मुलगे, मुली, वस्तू.

‘मला एक भाऊ आहे’ला ‘आय हॅव अ ब्रदर’ हा साचा द्या, व्याकरण सांगू नका. आठवड्याला एकच साचा, त्यात प्रत्येकाने आपला शब्द भरायचा: ‘आय हॅव अ ___’, ‘आय लाइक ___’, ‘आय कॅन सी अ ___’. ‘अ’ आणि ‘द’ गळतात, कारण मराठीत ते नाहीतच. चौथीपर्यंत ते गळले तरी गुण कापू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चूक झाली की ‘राँग’ म्हणून थांबवू नका. मूल म्हणाले, ‘शी गो होम,’ तर तुम्ही सहज म्हणा, ‘येस, शी गोज होम,’ आणि पुढे जा. बोलताना एका वेळी एकच चूक. वही तपासताना सगळ्या चुकांवर लाल रेघा मारल्यात तर पुढच्या वेळी मूल दोनच वाक्ये लिहील, तीही शेजाऱ्याची.

गणित इंग्रजीतून असेल तेव्हा

सेमीत लहान वर्गांत मुख्यतः गणित इंग्रजीतून असते, सहावीपासून विज्ञानही. आकडेमोड जमणारे मूल शाब्दिक उदाहरणाला अडते, आणि शेरा पडतो ‘गणित कच्चे’.

‘लेफ्ट’ म्हणजे डावा हे त्याला माहीत असते, ‘हाउ मेनी आर लेफ्ट’मध्ये तोच शब्द ‘उरले’ होतो. ‘टेबल’ म्हणजे पाढाही. ‘ऑड’ म्हणजे विषम. असे शब्द धड्याआधी पाच-सहा काढून, वस्तू हाताळत शिकवा.

क्रमाचा घोळ याहून चिवट. ‘१२ पेक्षा ५ ने कमी’ यात १२ आधी येतो, म्हणून १२ वजा ५ सरळ मांडता येते. इंग्रजीत ‘फाइव्ह लेस दॅन ट्वेल्व्ह’, ५ आधी, आणि मूल ५ − १२ लिहून मोकळे होते. अशी दहा वाक्ये फक्त मांडायला द्या, सोडवायला नको.

आकड्यांच्या वाचनात इंग्रजी सोपी आहे. पंचेचाळीसमध्ये पाच आधी ऐकू येतात, ‘फॉर्टी फाइव्ह’ लिहिण्याच्या क्रमाने येते. (बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात एकवीसला ‘वीस एक’ म्हणायची पद्धत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, पण अडचण खरी होती.) फक्त थर्टीन-थर्टी, फिफ्टीन-फिफ्टी कानाने वेगळे करून घ्या. घड्याळात तर मराठी मदतच करते: सव्वाचार म्हणजे ‘क्वार्टर पास्ट फोर’, पावणेपाच म्हणजे ‘क्वार्टर टू फाइव्ह’. पाच व्हायला पाव तास कमी, दोन्ही भाषा एकच हिशेब मांडतात.

३५ मिनिटांच्या तासात पहिली पाच मिनिटे मराठीत: आज काय आहे, कशासाठी आहे. मधली वीस इंग्रजीत, वस्तू आणि फळ्यासह. शेवटची दहा मुलांनी आपल्या भाषेत एकमेकांना समजावण्यासाठी आणि एक वाक्य इंग्रजीत बोलण्यासाठी. प्रत्येक इंग्रजी वाक्यामागे लगेच मराठी भाषांतर देण्याची सवय मोडा. मुले हुशार असतात. मराठी येणारच आहे हे कळले की इंग्रजी ऐकणे बंद करतात.

पालकसभेत काय सांगायचे

‘घरी इंग्रजीत बोला’ हे सांगू नका. ज्या आईला स्वतःला ती भाषा सहज येत नाही, ती मग मुलाशी दोन-तीन तुटक वाक्ये बोलते आणि गोष्टी, गप्पा, रागावणे, सगळेच आटते. घरच्या भाषेत भरपूर बोलणाऱ्या मुलाकडे इंग्रजीत सांगायला काहीतरी असते. त्याऐवजी तीन कामे द्या: रोज दहा मिनिटे मुलाचे वाचन ऐकणे (अर्थ कळला नाही तरी चालेल), शाळेत काय झाले ते घरच्या भाषेत विचारणे, आणि बाहेर पडल्यावर मेट्रोच्या पाट्या, बिस्किटाचे पुडे, दुकानांची नावे वाचून घेणे. उत्तरे लिहून देणाऱ्या शिकवणीवर पैसे घालू नयेत, हेही स्पष्ट सांगा.

आणि मुदत सांगा. ‘सहा महिन्यांत फाडफाड’ असे आश्वासन कोणी देऊ नये. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांच्या मांडणीनुसार रोजच्या बोलण्यापुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते, अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात वर्षे लागतात. तेही आजूबाजूला इंग्रजीच असलेल्या देशात. पुण्यात मुलाच्या कानावर ती दिवसाकाठी एक-दोन तासच पडते, तेव्हा वेळ जास्त लागणार हे धरून चाला.

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी जूनचीच पाच कामे पुन्हा करा, मात्र फक्त अडलेल्या मुलांसोबत आणि निरर्थक शब्द नवे घेऊन. ऐकण्यात प्रगती आणि बोलणे शून्य असेल तर वाट पाहा. ऐकणेही तसेच राहिले असेल तर त्या मुलाला चारच्या गटात घेऊन रोज पंधरा मिनिटे, सूचनांच्या खेळापासून पुन्हा सुरू करा. गटात एक मूल थोडे पुढचे असावे, पण तेच दर वेळी दुभाष्या होऊ नये. आठवड्याला त्याची जागा बदला. नोंद एका ओळीची पुरे: तारीख, किती सूचना कळल्या, किती आवाज आले, किती शब्द जोडून वाचले. पुढच्या जूनमध्ये वर्ग बदलताना ही वही नव्या बाईंच्या हातात द्या, म्हणजे त्यांना पुन्हा एबीसीडीपासून सुरुवात करावी लागणार नाही.